नंतर भरलेला तक्ता

प्रसूतीचा तक्ता कधी भरलाय, बाळंतपण चालू असताना की उरकल्यावर, हे मी नुसता कागद बघून सांगू शकते. शाई एकच, अक्षर एका दमात लिहिल्यासारखं, आणि बाळाच्या हृदयाचे ठोके १४०, १४४, १४०, १४२. सगळं कसं शहाण्यासारखं. खऱ्या तक्त्यावर डाग असतात, मध्येच पेन बदललेलं असतं, एखादा आकडा खोडून पुन्हा लिहिलेला असतो, आणि ठोके १२७ सुद्धा असतात. ही परीक्षा मला कुठल्या अभ्यासक्रमाने शिकवली नाही. मी स्वतः असे तक्ते भरलेत, म्हणून ओळखता येतात.

दहा वर्षं लेबर रूम, मग मिडवाइफरी शिकवणं, मग पब्लिक हेल्थची पदव्युत्तर पदवी, मग पीएचडी, आणि आता शिकवणं आणि संशोधन दोन्ही. या वाटेने येऊ पाहणाऱ्या मुली विचारतात, "मॅडम, कसं ठरवलंत हे सगळं?" ठरवलं काहीच नव्हतं. प्रत्येक वेळी आधीच्या कामातलं काहीतरी खुपत होतं, त्याच्यामागे जात गेले.

आधी शब्दाचं सांगते, कारण घोटाळा तिथूनच सुरू होतो. सुईण म्हटलं की अनुभवाने शिकलेली बाई डोळ्यांपुढे येते. नर्स म्हटलं की डॉक्टरांच्या शेजारी ट्रे घेऊन उभी असलेली. मिडवाइफ या दोन्हींत बसत नाही. गर्भारपण, बाळंतपण आणि त्यानंतरचे दिवस सुरळीत चाललेत तोवर स्वतःच्या जबाबदारीवर सांभाळणारी, आणि बिघडायला लागलं की वेळेत ओळखून पुढे पाठवणारी. आंतरराष्ट्रीय मिडवाइफ महासंघाच्या निकषांप्रमाणे थेट या शिक्षणाला येणाऱ्यांसाठी किमान ३ वर्षं आणि नर्सिंग करून येणाऱ्यांसाठी किमान १८ महिने लागतात, आणि त्यातलं निदान निम्मं शिक्षण प्रत्यक्ष कामातून व्हावं लागतं. हे निम्मं प्रत्यक्ष काम महत्त्वाचं. हातांना जे कळतं ते पुस्तकातून हातांपर्यंत पोचत नाही.

माझ्या हातांना शिकवलं ते एका सीनियर सिस्टरनी. पहिल्या आठवड्यात त्यांनी मला एका बाईच्या उशाशी बसवलं, माझा तळवा तिच्या पोटावर वरच्या बाजूला ठेवला आणि म्हणाल्या, "घड्याळाकडे बघ. माझ्याकडे नको, तिच्या तोंडाकडेही नको." कळ यायला लागली की तळव्याखाली पोट आधी नुसतं ताठरतं, मग दगडासारखं होतं, मग हळूहळू सुटतं. बाईच्या तोंडावर कळ दिसायच्या थोडं आधी हाताला कळते. दहा मिनिटांत किती आल्या, प्रत्येक किती सेकंद टिकली, एवढंच मोजायचं. दहा मिनिटं हात उचलायचा नाही. मला ती दहा मिनिटं संपता संपेनात. कळ सुटल्यावर त्यांनी माझ्या हातात फीटोस्कोप, म्हणजे पोटातल्या बाळाचे ठोके ऐकायचं साधन, दिला आणि कान लावायला सांगितलं. ठोके कळ सुटताना आणि सुटल्यावर ऐकायचे, पूर्ण मिनिटभर. बाळाला कळ झेपत नसेल तर ते तेव्हाच समजतं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणणारीला त्या ओरडायच्या नाहीत, फक्त विचारायच्या, "उरलेल्या पंचेचाळीसमध्ये काय झालं, तुला माहिती आहे?"

हे सगळं जिथे उतरवायचं तो कागद म्हणजे पार्टोग्राफ. एका पानावर पूर्ण बाळंतपण. गर्भपिशवीचं तोंड किती सेंटिमीटर उघडलं, डोकं किती खाली आलं, कळा, ठोके, आईची नाडी, रक्तदाब. त्याचा इतिहास मला अजून आवडतो. १९५० च्या दशकात अमेरिकेत डॉ. फ्रीडमन यांनी पिशवीचं तोंड उघडण्याचा वेग आलेखावर मांडला. १९७२ साली फिलपॉट आणि कॅसल या डॉक्टरांनी तेव्हाच्या ऱ्होडेशियात, म्हणजे आताच्या झिंबाब्वेत, त्यावर दोन तिरक्या रेघा मारल्या, एक सावधतेची आणि एक कृतीची. दूरच्या केंद्रात एकट्या असलेल्या मिडवाइफला मोठ्या रुग्णालयात कधी पाठवायचं हे कळावं, हा त्यामागचा हेतू होता. आलेख रेघ ओलांडून उजवीकडे गेला की थांबायचं नाही. पुढे जागतिक आरोग्य संघटनेने आग्नेय आशियातल्या आठ रुग्णालयांत ३५ हजारांहून जास्त स्त्रियांवर तो वापरून पाहिला. १९९४ मध्ये निष्कर्ष आले की लांबलेली बाळंतपणं ६.४ टक्क्यांवरून ३.४ टक्क्यांवर आली. मग तो जगभर गेला.

आणि जगभर तो नंतर भरला जाऊ लागला. हे मात्र मला वर्गात कुणी सांगितलं नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात रात्रपाळी संपताना एका सहकारी सिस्टरने चार कोरे तक्ते माझ्यापुढे ठेवले आणि म्हणाली, "राउंडच्या आधी पूर्ण कर." बाळंतपणं झाली होती, बाळं आयांच्या कुशीत होती. मी भरले. सुरेख भरले. ठिपके, फुल्या, बाण, सगळं जागच्या जागी. राउंडला तक्ते बघून शाबासकी मिळाली.

शिकवायला गेले ती कंटाळून गेले, हे कबूल केलेलं बरं. पाठ दुखत होती आणि सलग रात्रपाळ्या झेपत नव्हत्या. शिकवणारीने दोनेक वर्षं तरी पूर्ण जबाबदारीने प्रत्यक्ष काम केलेलं असावं अशी अपेक्षा असते, ती माझी कधीच पूर्ण झाली होती. मला वाटलं, जे येतं ते सांगायचं, त्यात काय. पहिल्या तासाला श्रोणीचा, म्हणजे कमरेच्या हाडांचा, सांगाडा आणि फडक्याची बाहुली घेऊन उभी राहिले, बाळाचं डोकं कसं वळत वळत बाहेर येतं ते दाखवायला. बाहुलीचं डोकं अर्ध्यात अडकलं. मी सवयीने बोटांनी वाट काढून सोडवलं आणि पुढे बोलत राहिले. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, आत्ता बोटांनी काय केलंत?" मला सांगता येईना. दहा वर्षं मी ते करत होते आणि त्यासाठी माझ्याकडे एक वाक्य नव्हतं. घरी येऊन रात्रभर बाहुली आणि सांगाडा घेऊन बसले आणि माझ्याच बोटांकडे बघून टिपणं काढली. शिकवणं म्हणजे काय ते मला त्या रात्री थोडंफार समजलं.

कौशल्य प्रयोगशाळेत मी रक्तस्रावाची एक फेरी ठेवायचे. रंगवलेलं पाणी मोजून चादरीवर, पॅडवर, ट्रेमध्ये, जमिनीवर सांडायचं आणि मुलींनी अंदाज सांगायचा. बाळंतपणानंतर ५०० मिलिलीटरच्या वर रक्त गेलं की रक्तस्राव म्हणायचा, हे सगळ्यांना पाठ. अंदाज मात्र कमी पडायचे, आणि जितकं जास्त सांडलेलं तितके जास्तच कमी पडायचे. एका वर्षी मुलींनी माझीच परीक्षा घेतली. मी बाहेर असताना सांडून ठेवलं आणि मला बोलावलं. मी आत्मविश्वासाने म्हणाले, "साडेपाचशे." नऊशे होतं. मुली हसल्या, मीही हसले. मग जिन्यात थांबून लेबर रूमच्या नोंदवहीत मी दहा वर्षं लिहिलेले आकडे आठवायला लागले. २५० मिली, ३०० मिली, २५० मिली. ते आकडे मी मोजलेच नव्हते.

संशोधनाकडे मला ढकललं ते या नऊशेने. मी वाचायला लागले. बेळगाव जिल्ह्यात झालेल्या, २००६ साली छापून आलेल्या मिसोप्रोस्टॉलच्या, म्हणजे पिशवी आक्रसवणाऱ्या गोळ्यांच्या, चाचणीबद्दल वाचलं. त्यात रक्त अंदाजाने न लिहिता बाईच्या खाली खुणा केलेली प्लास्टिकची झोळी अंथरून मोजलं होतं. १,६२० स्त्रियांमध्ये रक्तस्रावाचं प्रमाण १२ टक्क्यांवरून ६.४ टक्क्यांवर आलं, ते गोळ्यांनी. पण मी गोळ्यांपेक्षा त्या झोळीचंच चित्र जास्त वेळ बघत बसले. इतकी साधी गोष्ट. पुढे २०२३ मध्ये आफ्रिकेतल्या चार देशांत, सुमारे ८० रुग्णालयांत, दोन लाखांहून जास्त बाळंतपणांवर झालेल्या ई-मोटिव्ह नावाच्या चाचणीचे निष्कर्ष आले. तशीच झोळी, आणि रक्त ठरावीक खुणेपर्यंत आलं की सगळे उपचार एकापाठोपाठ न करता एकदमच. नेहमीच्या पद्धतीने काम चाललेल्या ठिकाणी रक्तस्राव ओळखला जात होता जेमतेम निम्म्या स्त्रियांत, झोळी असलेल्या ठिकाणी ९३ टक्के स्त्रियांत. गंभीर रक्तस्राव, त्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया किंवा त्याने मृत्यू, हे सगळं मिळून ४.३ च्या जागी १.६ टक्के. कानांनी, हातांनी, डोळ्यांनी शिकलेली माझी पिढी. त्यातले डोळे सपशेल नापास झाले होते.

पदव्युत्तर अभ्यासक्रमाबद्दल फार सांगण्यासारखं नाही. वर्गात सगळ्यांत मोठी मी. संख्याशास्त्राच्या पहिल्या चाचणीत काठावर पास झाले. साथरोगशास्त्राच्या तासाला डॉ. सेमेलवाइस यांची गोष्ट आली, व्हिएन्नातली, १८४७ ची, डॉक्टरांनी हात धुतल्याने बाळंतिणींचे मृत्यू कमी झाल्याची. ती सगळ्यांना माहीत असते. कमी सांगितलं जातं ते हे की त्यांना संशय आला तो दोन वॉर्डांची तुलना करून, आणि ज्या वॉर्डात बायका कमी मरत होत्या तो शिकाऊ सुइणींचा होता. त्या मुलींची नावं कुठे नाहीत. मी हे वर्गात बोलून दाखवलं तर सर म्हणाले, "खरंय, पण परीक्षेत लिहू नका."

पीएचडीसाठी मी विषय घेऊन गेले, "पार्टोग्राफविषयी मिडवाइफचं ज्ञान आणि दृष्टिकोन". असे प्रबंध खंडीभर आहेत. प्रश्नावली वाटायची, टक्केवारी काढायची, शेवटी "प्रशिक्षणाची गरज आहे" असं लिहायचं. माझ्या मार्गदर्शक बाईंनी पान उलटलं, चष्मा काढला आणि विचारलं, "ज्ञान नाही म्हणून तक्ता भरत नाहीत, हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

मी गप्प. मलाही ज्ञान होतंच की.

विषय बदलला. आता प्रश्न असा होता की तक्ता खरोखर कधी भरला जातो, आणि त्या वेळी भरला गेला नाही तर त्या वेळात ती मिडवाइफ काय करत असते. त्यासाठी जुने तक्ते तपासायचे आणि मग लेबर रूममध्ये कोपऱ्यात बसून मिनिटामिनिटाची नोंद ठेवायची.

संशोधनाला परवानगी देणाऱ्या एथिक्स कमिटीत चार महिने गेले. तेव्हा वैताग आला, पण त्यांचा एक प्रश्न रास्त होता. कळा देत असलेल्या बाईकडून संमती घेणार कशी? दोन कळांच्या मधल्या अडीच मिनिटांत दिलेला होकार हा होकार असतो का? शेवटी असं ठरलं की माहिती गर्भारपणातल्या तपासणीच्या वेळीच द्यायची, सही तेव्हा घ्यायची, आणि लेबर रूममध्ये पुन्हा एकदा फक्त विचारायचं की अजून चालेल ना. आणखी एक अट घातली. निरीक्षणात जिवाला धोका दिसला तर मी निरीक्षक राहायचं नाही, मिडवाइफ व्हायचं, आणि तसं नोंदवायचं. मी मान हलवली. कागदावर हे सोपं वाटतं.

जुने तक्ते बघताना पहिली गोष्ट दिसली ती शून्याची आवड. रक्तदाब १२०/८०, ११०/७०. नाडी ८०, ८०, ८२. माणूस मनाने आकडा लिहितो तेव्हा तो गोल लिहितो, किंवा शेवटी सम अंक घेतो. संख्याशास्त्रात ही नावाजलेली खोड आहे आणि ती तपासायची पद्धतही आहे. बाळाच्या ठोक्यांना मुभा ११० ते १६० ची असते. खऱ्या मोजणीत आकडे त्या पट्ट्यात विखुरतात, मनातले मात्र १४० च्या आसपास गर्दी करून बसतात. काही तक्त्यांत बाळ जन्मल्याच्या वेळेनंतरही पोटातल्या ठोक्यांची नोंद होती. भरणारी भरतच गेली होती.

मग एक अक्षर ओळखीचं दिसलं. 'र' ला खाली शेपटी काढायची माझी एक विद्यार्थिनी होती, दोन वर्षांपूर्वी पहिल्या श्रेणीत पास झालेली. तिच्या तक्त्यांना मी दहापैकी दहा देत आले होते. तिचा हा तक्ताही दहापैकी दहाचाच होता, १४०, १४४, १४०, १४२. मी तो बाजूला ठेवला, चहा घेऊन आले, पुन्हा उघडला. ती शिकली होती ते माझ्याकडून. नीटनेटका तक्ता म्हणजे चांगला तक्ता, हे मी तिला प्रत्येक गुणाने सांगितलं होतं. खरा का खोटा, हे मी कधी विचारलं नव्हतं.

प्रत्यक्ष निरीक्षणाच्या पहिल्या दोन रात्री सगळे तक्ते वेळेवर भरले गेले. बाहेरचं कुणी बघतंय म्हटलं की हे होतंच, म्हणून पहिल्या काही पाळ्यांच्या नोंदी धरायच्या नाहीत असं आधीच ठरलं होतं. तिसऱ्या-चौथ्या रात्री मी कपाटासारखी झाले. लोक माझ्या मांडीवर फाइल ठेवून जायला लागले.

एका रात्री पाळीवर एकच मिडवाइफ आणि कळा जोरात असलेल्या चार बाया. पहाटे तीनच्या सुमारास, दोन नोंदींच्या मधे, मी फॉर्मच्या मागच्या कोऱ्या बाजूला एक हिशेब मांडला. कळा मोजायला दहा मिनिटं, ठोके एक मिनिट, आईची नाडी एक मिनिट. बारा. दर अर्ध्या तासाने, प्रत्येक बाईसाठी. चार बाया. अठ्ठेचाळीस मिनिटं.

अर्ध्या तासात अठ्ठेचाळीस मिनिटांचं काम.

कळा मोजता मोजताच ठोके आणि नाडी उरकली असं धरलं तरी चाळीस होतात. आणि यात आतली तपासणी नाही, सलाइन नाही, कुणी उलटी केली तर ती नाही, नवीन आलेली पेशंट नाही, नातेवाइकांशी बोलणं नाही, आणि बाळंतपण तर नाहीच. हा हिशेब चौथीतल्या मुलीला येतो. मी सात वर्षं दर अर्ध्या तासाची ती सारणी फळ्यावर लिहीत होते, न लिहिणारीचे गुण कापत होते, आणि हा गुणाकार एकदाही केला नव्हता. बसल्या जागी मला घाम फुटला.

त्यानंतर काही रात्रींनी ते झालं, ज्यासाठी कमिटीने अट घातली होती. दुसऱ्या खाटेवरची बाई बाळंत झाली, वार पडली, सगळं ठीक वाटत होतं. पाळीवरची सिस्टर पहिल्या खाटेवर, बाळाचं डोकं बाहेर येत असलेल्या बाईपाशी. मी माझ्या खुर्चीवरून दुसऱ्या खाटेखालचा थेंब बघितला. मग धार. क्लिपबोर्ड कुठे टाकला आठवत नाही. हात पोटावर ठेवला तर पिशवी कणकेसारखी मऊ. चोळायला लागले, आवाज दिला, कुणीतरी धावत आलं, पिशवी आक्रसायला ऑक्सिटोसिन, दुसरी सलाइन, आणि रक्त थांबायला ट्रानेक्झामिक अॅसिड. २०१७ च्या वुमन नावाच्या चाचणीने हे अॅसिड लवकर, तीन तासांच्या आत द्यायला सांगितलंय, हेही त्या क्षणी डोक्यात कुठेतरी चालू होतं. पिशवी हाताखाली आक्रसायला लागली ते मला अजून तळव्यात जाणवतं. बाई वाचली. तिला पुढे पाठवावं लागलं नाही.

पहाटे हात धुऊन खुर्चीत बसले आणि क्लिपबोर्ड शोधून काढला. माझ्या निरीक्षणाच्या फॉर्मवर पन्नास मिनिटं कोरी होती. मिनिटामिनिटाची नोंद हवी होती. मला साधारण सगळं आठवत होतं. सिस्टर पहिल्या खाटेपाशी किती वेळ होती, तिसऱ्या खाटेकडे कुणीच गेलं नाही, चौथीने दोनदा हाक मारली. सहज भरता आलं असतं. मी पेन घेतलं आणि तीन रकाने भरलेसुद्धा. अक्षर छान येत होतं.

तिसऱ्या रकान्यानंतर मी थांबले. भरलेले तिन्ही खोडले, पानभर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं, "या वेळात निरीक्षक उपचारात होती." प्रबंधात त्या पाळीचा तो भाग 'माहिती उपलब्ध नाही' म्हणून गेला. तोंडी परीक्षेत एका परीक्षकांनी विचारलं की एवढी माहिती कशी गहाळ झाली. मी सांगितलं. ते म्हणाले, "ठीक आहे," आणि पुढच्या पानावर गेले.

निष्कर्षांनी कुणाला आनंद झाला नाही. जिथे पाहणी केली तिथल्या प्रशासनाला मनुष्यबळाचा तक्ता वगळून हवा होता. "प्रशिक्षणाबद्दल लिहा की, त्याचं आम्ही लगेच करू," असं मला सौम्यपणे सुचवलं गेलं. प्रशिक्षण स्वस्त पडतं आणि त्याचा फोटो निघतो. एका नियतकालिकाने लेख परत पाठवला, दुसऱ्यानेही. तिसऱ्याच्या परीक्षकाने चार पानं दुरुस्त्या सांगितल्या, त्यातल्या तीन पानांवरच्या बरोबर होत्या. छापून यायला दीड वर्ष गेलं. पब्लिक हेल्थमध्ये येणाऱ्यांनी हा वेग आधीच मनाशी धरावा. लेबर रूममध्ये तुमच्या कामाचं काय झालं ते काही तासांत रडून सांगतं. इथे कुणी रडत नाही.

निराश वाटायचं तेव्हा मी उत्तर प्रदेशात झालेल्या बेटरबर्थ चाचणीचे निष्कर्ष पुन्हा वाचायचे. दीड लाखावर बाळंतपणं, सुरक्षित प्रसूतीसाठी करायच्या गोष्टींची यादी आणि सोबत मार्गदर्शक. कामाच्या पद्धती चांगल्याच सुधारल्या. पण २०१७ मध्ये निकाल आला तेव्हा आई-बाळांच्या मृत्यूत आणि गंभीर गुंतागुंतीत फरक नव्हता. त्यांनी ते जसंच्या तसं छापलं. एवढी मेहनत करून हाती आलेलं 'फरक नाही' लिहिताना काय वाटलं असेल, असा विचार मनात यायचा आणि मी माझ्या दुरुस्त्यांना बसायचे.

तक्त्याबद्दल माझ्यासारखं वाटणाऱ्या खूप जणी होत्या हे नंतर कळलं. जागतिक आरोग्य संघटनेने २०१८ मध्ये सांगितलं की पिशवीचं तोंड तासाला एक सेंटिमीटर उघडायचा वेग सगळ्या बायकांना लावू नका, आणि जोरदार कळांचा टप्पा ५ सेंटिमीटरपासून धरा. २०२० मध्ये नवा तक्ता आला, लेबर केअर गाइड. त्यात ठोके आणि कळांच्या आधी चार गोष्टी विचारल्या आहेत. सोबतीला कुणी आहे का, वेदना कमी करायला काही दिलंय का, तोंडाने पाणी वगैरे घेतेय का, कुठल्या स्थितीत आहे. मला तो आवडतो. मात्र अर्ध्या तासात मिनिटं तीसच आहेत, आणि नव्या तक्त्यालाही भरणारे हात लागतात. जगात मिडवाइफ ९ लाखांनी कमी आहेत असा अंदाज २०२१ च्या जागतिक अहवालात होता. मला तो आकडा ऐकला की ती चार खाटांची खोली दिसते.

आता मी प्रयोगशाळेत एका मुलीला सरावाचा एक पुतळा देत नाही. एकीला चार देते, अर्धा तास लावते आणि मधेच एका पुतळ्याखाली रंगीत पाणी सोडते. पहिल्या वेळी जवळजवळ सगळ्याच जणी चारही तक्ते पूर्ण भरून आणतात. मी विचारते, दहा मिनिटं हात कुठल्या पोटावर होता? मग खाली बघतात. कुणापाशी आधी जायचं, कुणाला सोबतीच्या माणसावर थोडा वेळ सोपवायचं, मदतीला हाक कधी मारायची, हे त्यानंतर शिकवायला घेते. रिकामा चौकोन रिकामा ठेवून शेजारी कारण लिहिलं तर गुण कापत नाही. बाहेरून येणाऱ्या परीक्षकांना हे पटत नाही. "अपूर्ण तक्त्याला पूर्ण गुण कसे?" असा वाद दर वर्षी होतो. दोनदा मी हरलेय.

मागच्या परीक्षेत एका मुलीने तक्ता आणून दिला. चुरगळलेला, कोपऱ्याला रंगीत पाण्याचा डाग. ठोके १३१, १२६, १३८, मग सलग तीन चौकोन रिकामे. त्यांच्यावर तिरप्या अक्षरात लिहिलं होतं, "खाट ३ ला रक्तस्राव, तिथे होते. इथले ठोके ऐकले नाहीत." परीक्षकांनी तक्ता माझ्याकडे सरकवला आणि लाल पेनचं टोपण काढून माझ्याकडे बघत राहिले.